मानाचा पहिला वडा

शनिवारचा पहिला वडा थलैवरच्या हातात द्यायचा, हा माझ्या सासऱ्यांचा नेम होता, आणि त्यावरून त्यांचं नि माझं दर शनिवारी वाजायचं.

थलैवर म्हणजे पुढारी. चेन्नईत नटाला थलैवर म्हणतात, मंत्र्याला म्हणतात, रिक्षा स्टँडवरच्या दादालाही म्हणतात. आमचा थलैवर माकड होता. गिंडीच्या बाजूला, जंगलाच्या तुकड्याला लागून, आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांची क्वार्टर्स आहेत. जुन्या तीन मजली इमारती, भोवती वड, आणि त्या वडांवर माकडांची एक टोळी. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली, लांब शेपटीची ही दक्षिणेतलीच माकडं. मी प्राणिशास्त्र शिकवते. सकाळी कॉलेजला जायच्या आधी गच्चीवर बसून ही टोळी बघायची, हे माझं बरीच वर्षं चाललेलं काम. कोण कुणाच्या उवा काढत बसतं, कोण कुणाला जागा देतं, कोण कुणाकडे बघायचं टाळतं. शेजारणी म्हणतात, हिला घरात बसायला नको. खरंच नको असतं.

सासरे शनिवारी सकाळी बसनं मैलापूरला जायचे. तिथे आंजनेयाला, म्हणजे आपल्या मारुतीला, वड्यांची माळ घालतात. उडदाचे, मिरी घातलेले, चपटे, कडक वडे, मधे भोक पाडून दोऱ्यात ओवलेले. प्रसादाची पुडी घेऊन परत आले की ते काठी टेकत थेट गच्चीवर. कठड्यावर थलैवर बसलेलाच असायचा. सासरे हात लांब करायचे, तो सावकाश वडा घ्यायचा, आणि मग उरलेल्या वड्यांचे तुकडे बाकीच्यांना.

मी सांगून थकले. अप्पा, माकडाला हातानं खायला घालू नका. एकदा का माणसाच्या हातातनं घ्यायची सवय लागली की ती हिसकावतात, मग चावतात, मग लोक त्यांना मारतात. ते हसून म्हणायचे की मारुतीचा प्रसाद मारुतीच्या माणसाला द्यायला तुझं शास्त्र कशाला मधे. सासऱ्यांची मराठी तंजावरची. पूर्वज कधीकाळी राजांच्या लवाजम्याबरोबर इकडे उतरले ते इकडचेच झाले; शब्द जुने, मधूनच तमिळ, आणि बोलण्याचा हेल तर अख्खाच तमिळ. मला ते अम्मा म्हणायचे, इकडे लेकीसुनांना म्हणतात तसं. "तो त्याचा मान हाय, अम्मा," एवढं म्हटलं की त्यांच्या लेखी विषय संपला.

इथेच माझं डोकं फिरायचं. मान कसला डोंबलाचा? माकडात मान नसतो, धाक असतो. दोन माकडं एका फांदीवर समोरासमोर आली की एक बाजूला सरकतं. जे सरकतं ते खालचं. ते सरकतं कारण मागे कधीतरी त्यानं दुसऱ्याचे सुळे मांडीत घेतलेले असतात, आदरबिदर काही नाही. आपण माणूस व्हायच्या कितीतरी आधीपासून हा धाक चालत आलाय आणि आपल्या अंगात तो जसाच्या तसा उतरलाय. मान मात्र माणसाचा स्वतःचा. ज्याला माग काढता येतो, औषधाचं मूळ ओळखता येतं, त्याच्याजवळ लोक आपण होऊन बसायला लागले, मटणाचा चांगला तुकडा आपण होऊन द्यायला लागले. भीतीपोटी नाही, शिकायला मिळावं म्हणून. हे वर्गात सांगताना माझा आवाज चढतो आणि मुली भराभर लिहून घेतात.

नुसत्या सुळ्यांवरही कुणी थलैवर होत नाही, हेही मी सांगायची. माद्यांना आपापल्या आईचा दर्जा मिळतो, जन्मतःच. नर बाहेरच्या टोळीतनं येतो, त्याला तो मिळवावा लागतो, आणि त्यासाठी शेजारी बसणारा कुणीतरी लागतो. आमच्या थलैवरचा एक दोस्त होता, शेपटी अर्धी तुटलेला, त्याच्याच वयाचा. रोज सकाळी दोघं एकमेकांना मिठी मारायचे, अगदी माणसांसारखी. कुणी एकावर दात काढले की दुसरा उठलाच.

तर असं आमचं चाललेलं. पण त्या वर्षी घरातलं खरं भांडण वड्यावरून नव्हतं, मैलापूरच्या किल्लीवरून होतं.

सासऱ्यांचा मैलापूरला देवळाच्या मागच्या गल्लीत एक पोर्शन होता, दोन खोल्यांचा, भाड्याचा. आयुष्य तिथे गेलं. सासूबाई तिथेच गेल्या. सासरे देवळात होते, त्या बाथरूममध्ये पडल्या, आणि दार फोडून आत जाईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर सासरे महिनाभर म्हणून आमच्याकडे आले आणि राहिलेच. राहिले म्हणजे माझ्या नवऱ्यानं ठेवून घेतले. त्यांना परत जायचं होतं. एकटं राहायचं, सकाळी देवळाच्या तळ्याला फेरी, संध्याकाळी सभेत, म्हणजे तिथल्या गाण्याच्या हॉलमध्ये, फुकटचं गाणं ऐकायचं, स्वतःचा भात स्वतः शिजवायचा. नवरा म्हणायचा, पोर्शन सोडून द्या. आई जशी गेली तसे तुम्हीही जाल आणि मला शेजाऱ्यांचा फोन येईल. त्याचं काही चुकत होतं असं नाही. पण विचारायचा नाही, ठरवायचा. श्रीपेरुंबुदूरकडे गाड्यांच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली अख्खी शिफ्ट. दिवसभर माणसांना हे कर ते कर सांगून आलेला माणूस घरीही तेच करायचा. सासरे पोर्शनची किल्ली जानव्याला बांधून ठेवायचे आणि नाही म्हणून मान हलवायचे. घरमालक विचारत होता, ठेवताय की सोडताय. सासऱ्यांना स्वतःच्या घरी जाऊन राहता येतं की नाही, एवढाच प्रश्न होता. मी सासऱ्यांच्या बाजूची होते. बोलून दाखवत नव्हते इतकंच.

माकडांच्यात उलथापालथ झाली ती शुक्रवारी. रस्त्यापलीकडच्या टोळीतला एक तरुण नर काही आठवडे आमच्याकडे घुटमळत होता. छाती भरलेली, सुळे लांब आणि पांढरे. तो थलैवरच्या वाटेला जात नव्हता. तो तुटक्या शेपटीच्या दोस्तापाशी जाऊन बसायचा आणि तासन्‌तास त्याची पाठ साफ करून द्यायचा. मला ते दिसत होतं, कळतही होतं. पण बघणाऱ्यानं मधे पडायचं नसतं.

शुक्रवारी सकाळी तरुण नर कठड्यावरून चालत आला आणि थलैवरच्या समोर उभा राहिला. थलैवर सरकला नाही. मग दोघं एकमेकांत गेले. माकडांची मारामारी लांबून बघितली तर गंमत वाटते. जवळून बघा. पहिल्याच झोंबीत थलैवरचा कान गेला, निम्मा लोंबत राहिला. त्यानं तरुणाच्या खांद्यात दात रोवले, पण तरुणानं उलटून त्याची मांडी धरली आणि डोकं हलवत फाडली. आतलं लाल मांस मला स्पष्ट दिसलं. माद्या किंचाळत पोरं पोटाशी धरून झाडावर गेल्या. थलैवर ओरडला, आणि ओरडताना त्यानं मान वळवून दोस्ताकडे बघितलं. दोस्त चार हातांच्या अंतरावर बसला होता. तो आपली मांडी खाजवत बसला, आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. मला इतका संताप आला की तिथल्या तिथे त्या माकडाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. थलैवर गच्चीवर रक्ताचा पट्टा ओढत पाण्याच्या टाकीखाली गेला. तरुण कठड्यावरच्या त्याच्या जागी बसला. थोड्या वेळानं दोस्त त्याच्याजवळ सरकला.

संध्याकाळी मी सासऱ्यांना सगळं सांगितलं. उद्या गच्चीवर अजिबात जाऊ नका. नवा नर अजून तापलेला आहे, दिवसभर प्रत्येकाला दाबतोय, आता मोठा तो आहे. सासऱ्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यांना वाईट वाटलं ते थलैवरचं. मान असा एका सकाळीत जातो काय, म्हणाले. मग त्यांनी आपल्या ऑफिसचं सांगितलं. एग्मोरला एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. रिटायर झाल्यावर कधी सहज गेले तर त्यांच्या जागी आलेला माणूस खुर्चीतनं उठायचा आणि पहिली कॉफी त्यांना मागवायचा. पद गेलं तरी वडीलधाऱ्याचा मान पहिला, हीच माणुसकी, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माणुसकी तुमच्या ऑफिसात, अप्पा. गच्चीवर नाही. त्यांनी हूं केलं. मला वाटलं, पटलं.

शनिवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर त्यांच्या चपला दाराशी होत्या आणि काठी नव्हती. मी ओल्या केसांनी जिने चढले.

दारातनं जे दिसलं ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. थलैवर टाकीच्या सावलीत बसला होता, मांडी सुजून काळी पडलेली, माश्या बसलेल्या. सासरे त्याच्यासमोर वाकले होते. कठड्यावर नवा नर, शेजारी दोस्त, दोघंही टक लावून बघत होते. सासऱ्यांच्या हातात वडा होता. थलैवर घेत नव्हता. त्यानं मान फिरवली, अंग चोरलं, भिंतीला चिकटला. त्याला कळत होतं. त्या गच्चीवर न कळणारे एकच होते, माझे सासरे. घे रे, घे, असं म्हणत म्हणत त्यांनी त्याचा पंजा उघडला आणि वडा आत ठेवला.

नवा नर कठड्यावरनं सरळ थलैवरच्या तोंडावर आला, दोस्त मागनं. मी ओरडले, पण कुणाला ऐकू जाणार? नव्यानं थलैवरचा गाल धरला, दोस्तानं फाटलेली मांडीच परत धरली, आणि दोघं दोन बाजूंना ओढायला लागले. सासरे मागे सरायच्या ऐवजी मधे हात घालून सोडवायला गेले. दोन पोरं भांडत असावीत तसे. नव्यानं तो हात पकडला. अंगठ्याच्या खालचा मांसल भाग एका घासात वर आला, आतली पांढरी शीर दिसली, आणि मग रक्त असं आलं की पुडीतले वडे त्यात भिजले. मी कोपऱ्यातली पाण्याची बादली नव्याच्या अंगावर फेकली, ती त्याला लागली, तो माझ्याकडे दात विचकून एक पाऊल आला आणि मग झाडावर गेला, दोस्त त्याच्या मागनं. सासरे खाली बसले होते आणि हात छातीशी धरून थलैवरकडे बघत होते. तमिळमध्ये काहीतरी पुटपुटत होते, मला एवढंच कळलं की त्याला पाणी दे म्हणत होते.

हॉस्पिटलात जखम धुतली, जखमेत नि आजूबाजूला इंजेक्शनं टोचली, टाके घातले. त्यांनी एकदाही तोंडातनं आवाज काढला नाही. मी मात्र रिक्षात येताना त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की रिक्षावाल्यानं रेडिओ बंद केला.

नवरा दुपारी आला. शनिवारी अर्धी शिफ्ट असते. बापाचा बँडेज बांधलेला हात त्यानं बघितला, सदऱ्यावरचं वाळलेलं रक्त बघितलं. कसं झालं ते त्यानं उभ्या उभ्या ऐकलं. मोरीशेजारी प्लंबरनं टाकून दिलेला लोखंडी पाइपचा तुकडा पडला होता. तो उचलून नवरा जिना चढला. मी मागे धावले.

गच्चीवर एकच माकड होतं. टाकीखाली आडवं पडलेलं. मी ओरडून सांगत होते, हा तो नाही, हा तो नाही, यानं काही केलेलं नाही. त्याला माकड आणि माकड यांत फरक कधी कळला नव्हता, आणि त्या वेळी कळून घ्यायचाही नव्हता. पहिला तडाखा पाठीवर बसला. थलैवर उठायला बघत होता, मागचे पाय उठत नव्हते, म्हणून हातांवर पुढे सरकला, नवऱ्याच्याच दिशेनं. दुसरा तडाखा डोक्यावर. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तिसरा कशाला मारला मला माहीत नाही. तेव्हा मारण्यासारखं काही उरलं नव्हतं. वडाच्या फांद्यांवर अख्खी टोळी बसली होती आणि एकाचाही आवाज नव्हता. मी नवऱ्याचा दंड धरला तर त्यानं मला झटकलं, मी टाकीच्या पाइपवर आपटले.

तो खाली गेला. मी उठून जिना उतरेपर्यंत आत सुरू झालं होतं. सासरे सोफ्यावर होते. नवऱ्यानं पाइप जमिनीवर टाकला होता आणि दोन्ही हातांनी बापाचा सदरा गळ्याशी धरून त्यांना अर्धं वर उचललं होतं. तमिळमध्ये ओरडत होता. तुझ्या या वड्यापायी, तुझ्या मानापायी, मी काय दिवसभर तुझ्यामागे माणूस ठेवू का. बापाला कधी अहोजाहोशिवाय न बोलणारा माणूस एकेरीवर आला होता. मग त्यानं सदऱ्यात हात घातला आणि जानव्याची किल्ली ओढली. जानवं तुटलं. किल्ली त्याच्या मुठीत आली. संपलं आता मैलापूर, म्हणाला. आता या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

आणि सासरे हसले.

बाहेरच्या माणसाला हसूच वाटलं असतं. ओठ मागे ओढलेले, दोन्ही कवळ्या दिसतायत, डोळे मात्र बाजूला. मी ते हसू हजारदा बघितलंय. माकडांची पोस्टकार्डं विकणारे लोक त्याच्याखाली आनंदी माकड असं छापतात. खालचं माकड वरच्या माकडाला दात दाखवतं, म्हणजे मी काही करत नाही, मला मारू नकोस. आपलं हसू त्यातनंच आलंय असं म्हणतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्यासाठी एग्मोरच्या ऑफिसात माणसं खुर्चीतनं उठायची, तो पोटच्या पोराला दात दाखवत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी पाइप उचलला. त्याला थलैवरचे केस चिकटलेले होते. मी तो नवऱ्याच्या खांद्यावर मारला, जोर लावून. त्यानं बापाला सोडलं, वळला, आणि मी पाइप परत वर घेतलेला त्याला दिसला. दुसरा डोक्यावर बसणार होता. ते माझ्या तोंडावर लिहिलेलं असणार, कारण तो दोन पावलं मागे गेला आणि फ्रिजला टेकला. आमच्या घरात तोवर कुणी कुणावर हात उचलला नव्हता, आणि त्या एका दुपारी तिघांच्याही अंगात कुठलं काय संचारलं होतं देव जाणे.

"किल्ली दे," मी म्हटलं. त्यानं दिली.

"टाके निघाले की अप्पा मैलापूरला जातील. तू मधे पडायचं नाहीस."

तो खाली बघत उभा राहिला. मग मी त्याला कुदळ घेऊन वडाखाली खड्डा खणायला लावला. त्यानं खणला, थलैवरला पोत्यात घालून आणला, पुरला. खांदा धरून धरून खणत होता. मी वर खिडकीत उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पश्चात्ताप तर मुळीच वाटला नाही. रडू आलं ते थलैवरसाठी, आणि तेही रात्री भांडी घासताना.

त्यानंतर घर एकदम शांत झालं. नवरा माझ्याशी नीट वागत होता, जरा जास्तच नीट. टीव्ही लावू का विचारायचा. स्वयंपाकघरातल्या अरुंद जागेत मी समोरनं आले की भिंतीला लागून उभा राहायचा. सासऱ्यांची तर तक्रारच बंद झाली. आधी सांबारात मीठ कमी आहे, माझ्यासारख्या कोल्हापूरकरणीला रसम जमत नाही, असं रोज काहीतरी चालायचं. आता मी वाढेन ते जेवत होते. औषध घ्या म्हटलं की हात पुढे. पुढच्या शनिवारी देवळात गेले नाहीत, मला वाटलं हाताचं दुखणं असेल. मी मनात म्हटलं, बघा, एकदा कुणीतरी ठामपणे उभं राहिलं की सगळं कसं सुतासारखं सरळ होतं. वर्गात त्या आठवड्यात मी नेमकं हेच शिकवत होते, की एकटा कितीही दांडगा असला तरी दोघांपुढे त्याचं चालत नाही, आणि दुबळ्याच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं तिथनंच माणूसपण सुरू झालं असावं. काय सुंदर वाटलं होतं मला माझंच बोलणं.

टाके निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नि सासरे मैलापूरला गेलो. नवऱ्यानं बॅग खाली रिक्षात आणून ठेवली आणि बापाच्या पाया पडला. सासऱ्यांनी डाव्या हातानं त्याच्या डोक्यावर थोपटलं, बराच वेळ. दोघांचेही डोळे भरले होते. मी रिक्षावाल्याला चल म्हटलं.

पोर्शन मी उघडला, किल्ली माझ्याकडेच होती. झाडलोट केली, जाळी काढली, गॅस बघितला, डाळ-तांदळाचे डबे लावले. बाथरूममध्ये पाय घसरू नये म्हणून रबरी चटई टाकली, आतली कडी काढूनच टाकली. शेजारच्या मामींना सांगून ठेवलं की सकाळ-संध्याकाळ हाक मारायची. समोर कॉफीचे दोन टंबलर ठेवून बसले तेव्हा माझं अंग घामानं भिजलं होतं आणि मी मनापासून खूश होते. एक म्हातारा माणूस त्याच्या घरी परत आला होता, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. ते काहीतरी चांगलं बोलतील याची मी वाट बघत होते, हेही कबूल करते.

सासरे पायरीवर बसले होते, दुखरा हात मांडीवर घेऊन. अंगठा पुढे कधीच पूर्ण वळला नाही. त्यांनी कॉफी घेतली नव्हती.

"अम्मा," ते म्हणाले, "आता मी इथं राहूं ना?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. मी म्हटलं, अप्पा, हे तुमचं घर आहे, तुम्हाला यायचं होतं म्हणून तर आणलं.

"यायचं होतं. तेव्हां होतं. त्या दिवशी तूं त्याला सांगितलंस, अप्पा जातील म्हणून. मला विचारलं नाहीस. माझा हात असा, तो तसा खांदा धरून बसलेला. मला त्याच्यापाशी राहायचं होतं थोडे दिवस."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तळ्याच्या बाजूनं देवळाची घंटा येत होती, त्या दिशेला बघत राहिले.

"तो माझा पोरगा. ओरडेल, मारेल सुद्धां, मग रडेल. त्याला मी नाही भ्यालों, अम्मा. तुला भ्यालों."

मी म्हटलं, मी तुमच्या बाजूनं होते. ते हो म्हणाले, लगेच म्हणाले, मान हलवून हलवून म्हणाले, आणि ओठ मागे ओढून हसायला लागले. मला ते बघवेना. किल्ली काढून मी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, परत यायचं असेल तर आत्ता चला. त्यांनी विचारलं, तुला काय बरं वाटतं. तीनदा तेच. राहू म्हणतेस तर राहतों, चल म्हणतेस तर येतों. त्यांना खरंच काय हवं होतं ते मला त्या दिवशी काढून घेता आलं नाही, आणि नंतरही कधी आलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, राहा. चपला घातल्या. ते दारापर्यंत आले. गल्लीच्या टोकाला पोचून मी मागे बघितलं तर ते अजून दारात उभेच होते, मी दिसेनाशी होईपर्यंत दार लावायचं त्यांना धाडस होत नव्हतं.